तासगावची बाग, कराडची धावपट्टी, चाळकेवाडीचा वारा

शुक्रवार : मिरज, कवलापूर, तासगाव

महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून मिरजेला उतरले तेव्हा अजून उजाडायचं होतं. फलाटावर चहाच्या किटल्या फिरत होत्या आणि कानाला मफलर गुंडाळून मामा उभे होते. "तायडे, एवढीच पिशवी?" म्हणत त्यांनी ती माझ्या हातातून घेतलीसुद्धा.

मी मुंबईतल्या एका विमान कंपनीत एअरबस ए-३२० वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. तासगाव माझं आजोळ. शाळाही तिथलीच, मराठी माध्यमाची. संक्रांतीच्या आधी रोस्टरमध्ये, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकात, सलग सुट्टी पडली तेव्हा बाग बघायची आणि मामीच्या हातचं खायचं, एवढंच मनात होतं. पण मामांनी फोनवर सांगून ठेवलं होतं, "शेजारच्या अण्णांचा थोरला पायलट व्हायचं म्हणून हटून बसलाय. अण्णा बागेचा खालचा तुकडा विकायला निघालेत. तू आलीस की एकदा बोल त्यांच्याशी." त्यामुळे कराड आणि सातारा या प्रवासात जोडले गेले. हा प्रश्न आपल्याकडे आता बऱ्याच घरांत निघतो, म्हणून सगळं नीट लिहून काढते आहे.

सांगली ओलांडून तासगाव रस्त्याला लागलं की कवलापूर येतं. इथं जुनी धावपट्टी आहे. मी सांगितलं म्हणून मामांनी गाडी कडेला घेतली. माळावर वाळलेलं गवत आणि झुडपं, लांबवर चरणाऱ्या शेळ्या. इथं विमानतळ व्हावा अशी सांगलीकरांची मागणी जुनी आहे. हळद, बेदाणा आणि द्राक्षं देशभर पाठवणाऱ्या या जिल्ह्यातल्या माणसाला विमान धरायचं तर कोल्हापूर, बेळगाव नाहीतर पुणं गाठावं लागतं. ही मागणी रास्त आहे असं मला मनापासून वाटतं, आणि केवळ प्रवासाच्या सोयीसाठी नाही. मी शाळेत असताना जवळून विमान पाहिलेला एकही माणूस माझ्या ओळखीत नव्हता. कुंपणापलीकडे रोज विमान उतरताना दिसलं, तर पोरांना ते काम आपलंही वाटू लागतं.

संध्याकाळी अण्णांच्या सोप्यात बैठक बसली. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी आणि वर दही. जेवण होईपर्यंत कोणी विषय काढला नाही. मग अण्णांनी सुपारी कातरत विचारलं, "पोरी, सरळ सांग. एक जण म्हणतोय पन्नास लाख लागतील, अर्धे आत्ता भरले तर सवलत देतो. भरू का?"

मी मुलाकडं वळले. "मेडिकल झालं का तुझं?"

"नाही, ताई."

"बारावीला गणित आहे?"

"बायो घेतलंय. गणित सोडलं."

"आणि चष्मा?"

त्यानं मान खाली घातली. चष्मा खिशात होता. चष्मा असला की पायलट होता येत नाही असं कोणीतरी त्याला सांगितलं होतं, म्हणून माझ्यासमोर तो काढून बसला होता. ही समजूत चुकीची आहे. चष्म्यानं नजर ठरलेल्या पातळीवर येत असेल तर चालतं. मी स्वतः चष्मा लावून विमान चालवते. अडचण येते ती रंग ओळखण्यात. लाल-हिरव्यात गल्लत होत असेल तर वाट अवघड होते, आणि पुष्कळ मुलांना ते मेडिकलच्या टेबलावर बसेपर्यंत माहीतच नसतं.

अण्णांना त्या रात्री एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली : आधी मेडिकल, मग पैसा. एक रुपया भरायच्या आधी क्लास टू मेडिकल, म्हणजे पायलटची प्राथमिक वैद्यकीय तपासणी, करून घ्यायचं. डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम बघणाऱ्या सरकारी खात्यानं, नेमलेल्या डॉक्टरांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते, पुण्यात असे डॉक्टर आहेत. ते पास झालं की क्लास वन. कमर्शियल लायसन्सला क्लास वन लागतंच, आणि त्यात हृदय, कान, डोळे, रक्त, छातीचा एक्स-रे असं सगळं बारकाईनं बघतात. क्लास वन हातात पडल्यावरच जमिनीचा विचार करायचा. पैसे भरून बसल्यावर क्लास वनला अनफिट ठरलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या घरच्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

गणिताचं त्या मानानं सोपं आहे. बारावीला फिजिक्स आणि गणित दोन्ही लागतात. राहिलेला एक विषय एनआयओएसमधून, म्हणजे मुक्त विद्यालयाच्या बोर्डातून, देता येतो. दरवर्षी कितीतरी मुलं तसा देतात.

अण्णा काही बोलले नाहीत. अण्णांच्या बायकोनं, काकूंनी मात्र आतून विचारलं, "मेडिकलला किती लागतात?" काही हजारांत होतं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग आधी तेच करा की."

शनिवार : पहाटेची बाग आणि कराड

मामा पाचला उठतात आणि आधी मोबाईल बघतात. बागेत त्यांनी हवामान यंत्र बसवलं आहे. तापमान, आर्द्रता, पाऊस आणि पान किती वेळ ओलं राहिलं, हे सगळं त्यांना फोनवर दिसतं. आम्ही बॅटरी घेऊन बागेत गेलो. थॉमसन जातीच्या द्राक्षांचे घड मण्यांनी भरले होते आणि मामी दोन बायकांना घेऊन घडांना कागद बांधत होत्या. कडाक्याच्या थंडीत मण्यांवर गुलाबी छटा येते, मग माल निर्यातीला चालत नाही, म्हणून ही खटपट. मामांनी एक पान उलटं करून माझ्या हातावर ठेवलं. बोटांना गार पाणी लागलं. "एवढं दव आणि वरून ढग आले, की माझी झोप गेली," ते म्हणाले.

त्यांच्या फोनवर तापमान १३ होतं आणि दवबिंदू १२. मी माझा फोन काढून कोल्हापूर विमानतळाचा हवामान अहवाल दाखवला. त्यातही हेच दोन आकडे शेजारी-शेजारी असतात, मध्ये एक तिरकी रेघ. दोन्ही आकडे जवळ आले की हवेतलं बाष्प पाणी होऊ लागतं. बागेत ते पानावर बसतं, धावपट्टीवर धुकं होऊन उभं राहतं. हिवाळ्यात दिल्लीला जायचं असलं की हॉटेलच्या खोलीत मी सगळ्यात आधी हेच दोन आकडे बघते. मामा बराच वेळ तो अहवाल वाचत राहिले. वारा, दृश्यमानता, ढगांची उंची, त्यांनी एकेक विचारून घेतलं. मग शेजारच्या वाफ्यातून अण्णांच्या मुलाला हाक मारली, "ये रे, हे शीक आधी. तुझ्या परीक्षेत हाय म्हणं."

आहेच. कमर्शियल लायसन्ससाठी एअर मेटिऑरॉलॉजी हा स्वतंत्र पेपर आहे. त्याशिवाय एअर नेव्हिगेशन, एअर रेग्युलेशन्स आणि टेक्निकलचे पेपर. पास व्हायला प्रत्येकात ७० टक्के लागतात. रेडिओवर बोलायची परीक्षा वेगळी, आरटीआर. द्राक्षाच्या बागेत वाढलेल्या मुलाला हवामान जड जाऊ नये.

मग अण्णा, काकू आणि मुलाला बरोबर घेऊन तासगावहून पलूस, ताकारी करत पेठ नाक्याला हमरस्त्याला लागलो. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली होती, त्यात धुकं, आणि कुठंकुठं पाचट पेटवल्याचा धूर. कराडला पोचायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. या दिवसांत सकाळी या रस्त्यानं जाणार असाल तर घाई ठेवू नका. ट्रॉल्यांना मागचे दिवे असतीलच असं नाही.

कराडची धावपट्टी १९५० च्या दशकातली, कोयना धरणाच्या कामाच्या निमित्तानं झालेली. लांबी सुमारे १२८० मीटर. माझ्या ए-३२० ला ती पुरणार नाही, पण शिकाऊ विमानाला ऐसपैस आहे. आत असंच जाता येत नाही. ओळखीच्या एका प्रशिक्षकांनी आदल्या दिवशी रीतसर परवानगी काढून ठेवली होती आणि दारावर सगळ्यांची ओळखपत्रं तपासून घेतली. परवानगीशिवाय कुंपणाजवळ गाडी लावून फोटो काढत बसू नये, पहारेकऱ्यांना नाहक त्रास होतो.

आम्ही पोचलो तेव्हा सगळं थांबलेलं होतं. नजरेनं बघून उडायचं तर किमान ५ किलोमीटर दिसायला हवं, आणि आम्हाला धावपट्टीचं दुसरं टोक दिसत नव्हतं. प्रशिक्षक म्हणाले, "सूर्य वर येईपर्यंत चहा घ्या. शिकाऊ पायलटचा अर्धा वेळ वाट बघण्यात जातो, हे मुलाला आत्ताच दिसू दे." ते खरं बोलत होते. आपल्याकडं पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उड्डाणं होत नाहीत. लायसन्स वर्षभरात हातात देऊ असं सांगणाऱ्याला विचारावं, पाऊस आणि विमानाची दुरुस्ती धरून का सोडून?

तिथं परभणीची एक मुलगी भेटली. वय जेमतेम एकोणीस-वीस. वडील एसटीत. तिची पहिली सोलो नुकतीच झाली होती, म्हणजे प्रशिक्षकाशिवाय एकटीनं विमान उडवून उतरवणं. ते झाल्यावर सगळ्यांनी मिळून तिच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं होतं, ती रीतच आहे. एवढ्या थंडीत बादली ओतल्याचं सांगताना तिचा चेहरा नुसता फुलला होता.

उन्हं आल्यावर ती विमानाची तपासणी करायला निघाली आणि अण्णांच्या मुलाला म्हणाली, "चल, दाखवते." पंखाखाली उभी राहून तिनं एक छोटा पारदर्शक कप टाकीच्या खालच्या झडपेला लावून दाबला. दोन बोटं पेट्रोल आलं. शिकाऊ विमानात एव्हगॅस, म्हणजे विमानाचं खास पेट्रोल लागतं, आणि त्याला फिकट निळा रंग मुद्दाम दिलेला असतो, म्हणजे चुकीचं इंधन भरलं गेलं तर ओळखू यावं. तिनं कप उजेडाकडं धरला. तळाशी वाटाण्याएवढा स्वच्छ, बिनरंगी थेंब वेगळा बसला होता आणि कप हलवला की तोही हलत होता. "पाणी," ती म्हणाली. "रात्री टाकी अर्धी रिकामी राहिली की आतल्या हवेला दव धरतं. पेट्रोलपेक्षा जड, म्हणून खाली बसतं. हे इंजिनात गेलं तर वर जाऊन इंजिन बंद." तिनं तो कप बाजूच्या डब्यात ओतला, पुन्हा भरला, पुन्हा बघितला. तिसऱ्या वेळी कप निव्वळ निळा आला तेव्हाच ती दुसऱ्या पंखाकडं गेली.

अण्णा मागं उभे राहून सगळं बघत होते. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "एवढीशी पोर, पण घाई अजिबात न्हाय." या धंद्यासाठी काय लागतं, ते अण्णांच्या लक्षात आलं होतं.

मग ते छोटं दोन आसनी विमान एकदाचं उडालं. मुलगा वर बघत राहिला आणि मामा माझ्याकडं. मामांनी मला कधी विमान उडवताना पाहिलेलं नाही, आमच्या कामात ते शक्यच नसतं.

२०० तासांचा हिशेब तिथल्या फळ्यावर लिहिलेला होता, तो मुलानं वहीत उतरवून घेतला. कमर्शियल लायसन्सला एकूण २०० तास उड्डाण लागतं. त्यातले १०० तास स्वतः पायलट-इन-कमांड म्हणून. त्यात २० तास एका गावाहून दुसऱ्या गावी, आणि एक उड्डाण किमान ३०० नॉटिकल मैलांचं, म्हणजे साधारण ५५५ किलोमीटर, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. थोडे तास बाहेर न बघता नुसत्या उपकरणांवर, थोडे रात्रीचे. वय १८ पूर्ण हवं, शिकाऊ परवाना १६ व्या वर्षापासून मिळतो. शिकायला जायचं तर महाराष्ट्रात गोंदिया आणि बारामतीला मोठ्या संस्था आहेत. उत्तर प्रदेशात फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे, तिथं प्रवेश परीक्षेतून घेतात. खर्च सगळीकडं पन्नास लाखांच्या आसपास जातो. पुढं ए-३२० किंवा बोइंग ७३७ चं टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका प्रकारचं विमान चालवण्याची मान्यता, त्याचे आणखी पंधरा-वीस लाख. कुठंही पैसे देण्याआधी तिथं शिकणाऱ्या मुलांना गाठून दोनच गोष्टी विचाराव्यात : उडणाऱ्या स्थितीत विमानं किती, आणि महिन्याला प्रत्यक्षात किती तास मिळतात. सगळे पैसे एकदम कधीच भरू नयेत, तासांप्रमाणे हप्ते पाडून घ्यावेत.

आणखी एक गोष्ट त्याला तिथंच सांगितली. लायसन्स आणि नोकरी या वेगळ्या गोष्टी आहेत. लायसन्स घेऊन वर्ष-दोन वर्षं घरी थांबलेली हुशार मुलं आहेत. भरती लाटेसारखी येते. त्या काळात कर्जाचा हप्ता कोण भरणार, याचं उत्तर घरात आधी ठरलेलं असावं.

दुपारी हमरस्त्यावर अख्खा मसूर आणि तंदूर रोटी खाल्ली. कराड भागात आलात तर हे चुकवू नका. वर कच्चा कांदा, लिंबू आणि ताक. मग प्रीतिसंगमावर जाऊन बसलो. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन मिळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी इथंच आहे. काकू नदीला हात जोडून आल्या आणि म्हणाल्या, "उद्या साताऱ्याला त्या बाईंना मला एकटीला भेटायचंय."

रविवार : सातारा

त्या बाई म्हणजे माझ्या एका सहकारी कॅप्टनच्या आई. राजवाड्याजवळ राहतात. वय सत्तरीच्या पुढं, लेक दोन दशकं विमान चालवतो आहे. काकूंनी एकटीनं भेटायचं ठरवलं होतं, पण त्यांनी सगळ्यांनाच आत घेतलं आणि पोह्यांच्या बशा पुढं केल्या. फ्रिजवर मुलाचं महिन्याचं रोस्टर चिकटवलेलं होतं, सुट्ट्या लाल पेन्सिलीनं गोल केलेल्या.

काकूंचा पहिला प्रश्न, "भीती वाटत नाही का हो?"

"सुरुवातीला वाटायची. आता तो मोटारीनं घाटातून येतो तेव्हा जास्त वाटते," त्या शांतपणे म्हणाल्या. "भीतीचं मी सांगणार नाही. दिवाळीचं सांगते. आमच्याकडं दिवाळी कधी करायची ते रोस्टर आल्यावर ठरतं. एकदा भाऊबीज तुळशीच्या लग्नानंतर झाली. सूनबाईंनी दोन्ही बाळंतपणं माझ्या सोबतीनं काढली. पोरगा चांगला आहे, पण कामच असं आहे. तुमचं घर हे सोसेल का, ते बघा."

मग मला माझा एक दिवस सांगायला लावला. पहाटे साडेपाचचं उड्डाण असेल तर मी अडीचला उठते. विमानतळावर आधी दारूसाठी श्वासाची तपासणी. आदल्या रात्री खोकल्याचं औषध घेतानाही त्यात अल्कोहोल नाही ना ते बघावं लागतं. मग हवामान, इंधन किती घ्यायचं, विमानात काय दुरुस्ती शिल्लक आहे, हे कॅप्टनबरोबर बसून ठरवायचं. अंधारात टॉर्च घेऊन विमानाभोवती फेरी मारायची : टायर, इंजिनाची पाती, पंखांच्या कडा. दोघांपैकी एक विमान चालवतो, दुसरा रेडिओ आणि उपकरणं सांभाळतो. पुढच्या फेरीला कामं बदलतात. दहा हजार फुटांच्या खाली कामाशिवाय एक शब्द बोलायचा नाही. अशा कधी दोन, कधी चार फेऱ्या. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा, त्यात इंजिन बंद पडतं, आग लागते, धुकं येतं. शिवाय दरवर्षी मेडिकल. नोकरी लागली म्हणून परीक्षा संपत नाहीत, निवृत्तीपर्यंत त्या चालूच राहतात, आणि व्यावसायिक उड्डाणाला वयाची मर्यादा ६५ आहे.

थकव्याबद्दल मी थोडं जास्त बोलले, कारण ते मला महत्त्वाचं वाटतं. वर्षाला १००० तास आणि सात दिवसांत ३५ तास यापेक्षा जास्त उड्डाण करता येत नाही. जुलै २०२५ पासून आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली. रात्रीच्या ड्यूटीचे नियमही त्याच वर्षी कडक झाले आणि मध्यरात्र ते पहाटे सहा हा वेळ रात्र म्हणून धरला जाऊ लागला. हे नियम पायलटच्या आरामासाठी आहेत असं लोकांना वाटतं. पहाटे चारला डोळे जड झालेल्या माणसाच्या मागं १८० माणसं बसलेली असतात, त्यांच्यासाठी ते आहेत. झोप पूर्ण झाली नसेल तर 'मी अनफिट आहे' असं कळवण्याची हिंमत हा या कामाचा भाग आहे, आणि ती शिकवून येत नाही.

काकू सगळं ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "मुलींना जमतं हे?"

भारतातल्या व्यावसायिक पायलटमध्ये सुमारे १५ टक्के बायका आहेत, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी फक्त महिलांचा चमू घेऊन कोलकात्याहून सिलचरला फोकर विमान नेलं होतं. मराठी शाळेत असताना मला हे नाव वर्गातल्या बाईंनी सांगितलं होतं, ते मी विसरले नाही. काकूंना धाकटी मुलगी आहे, आठवीत. त्यांनी तो विषय तिथंच ठेवला, पण त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं.

निघताना सैनिक शाळेवरून गेलो. देशातली ही पहिली सैनिक शाळा, २३ जून १९६१ ला सुरू झाली. अण्णांना मी मुद्दाम थांबवून सांगितलं की उडायचंच असेल आणि पैसा नसेल, तर एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, हवाई दलाचा रस्ता आहे. तिथं शिक्षणाचा खर्च सरकार करतं, फिजिक्स-गणित तिथंही लागतं आणि २०२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे. आयुष्य वेगळं, बांधिलकी वेगळी, निवड अवघड. पण जमीन विकण्याआधी या रस्त्याचाही विचार झालेला असावा.

संध्याकाळी कंदी पेढे घेतले. ताजे हवे असतील तर संध्याकाळीच घ्या, आणि खवा किती भाजलाय ते रंगावरून बघा. गडद तेवढे खमंग.

सोमवार : सज्जनगड, चाळकेवाडी

काकूंना सज्जनगड करायचा होता, म्हणून भल्या सकाळी निघालो. गडाच्या पायथ्यापर्यंत गाडी जाते, वर पायऱ्या. समर्थांच्या समाधीचं दर्शन घेतलं, दुपारच्या प्रसादाला थांबणं वेळेमुळं जमलं नाही. तुम्ही मात्र थांबा.

पुढं ठोसेघर मागं टाकून चाळकेवाडीच्या पठारावर गेलो. जानेवारीत धबधब्याला फारसं पाणी नसतं, पण पवनचक्क्यांचं पठार बघण्यासारखं असतं. गाडीचं दार उघडताना वाऱ्यानं ते हातातून ओढून घेतलं. काकूंचा पदर उडाला, अण्णांनी टोपी खिशात ठेवली. मुलाला मी विचारलं, "वारा कुठून येतोय?" त्यानं पवनचक्कीकडं बघून दिशा बरोबर सांगितली. मग त्याला सांगितलं की विमान शक्यतो वाऱ्याच्या तोंडाकडंच उडतं आणि उतरतं, कारण समोरून वारा मिळाला की धावपट्टी कमी लागते. धावपट्टीवरचे आकडे म्हणजे तिची दिशा, शेवटचं शून्य काढून. कोल्हापूरची धावपट्टी ०७/२५, म्हणजे एका बाजूनं साधारण ७० अंश, दुसऱ्या बाजूनं २५०. पश्चिमेचा वारा असेल तर कुठली वापरायची? तो क्षणभर थांबला. "पंचवीस," म्हणाला.

असाच वारा डोंगराच्या कडेवरून खाली कोसळतो तेव्हा विमानाला हादरे बसतात. पावसाळ्यात पुणे-कोल्हापूर पट्ट्यात सह्याद्रीवरून जाताना ते जाणवतात. प्रवासी घाबरतात, पण विमान त्याहून कितीतरी जास्त ताण सोसेल असं बांधलेलं असतं. पट्टा मात्र बसल्या जागी बांधलेलाच ठेवा, दिवा विझला असला तरी.

टपरीवर कांदाभजी आणि चहा झाला. अण्णांनी मुलाला जवळ बोलावून सगळ्यांसमोर सांगितलं, "पैसे मागणाऱ्याला आज फोन कर. म्हणावं, क्लास वन झाल्याशिवाय रुपया मिळणार न्हाय." मुलानं तिथूनच फोन लावायचा प्रयत्न केला, पण पठारावर रेंज नव्हती. साताऱ्यात उतरल्यावर लावला. पलीकडचा माणूस म्हणाला की सवलत संपेल. मुलानं "संपू दे" म्हणून फोन ठेवला.

साताऱ्याहून संध्याकाळच्या बसनं मी मुंबईला निघाले. पुण्याकडं जाणाऱ्या गाड्या सतत मिळतात, थेट मुंबईच्या मोजक्या असतात, जागा आधी राखून ठेवावी.

हे लिहीत असताना मामांचा फोन आला. पुण्यात मुलाचं क्लास टू झालं. रंग ओळखण्यात काही अडचण नाही, चष्मा लावून नजर पुरेशी आहे. गणिताचा अर्जही भरला आहे. क्लास वनसाठी बंगळुरूची तारीख मागितली आहे. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं जातील, बरोबर काकू जाणार, अण्णांना तेव्हा बागेतून हलता येणार नाही. मुलानं मला विचारलंय की त्या दिवशी मी बंगळुरूत असेन का. पुढच्या महिन्याचं रोस्टर आलं की त्याला कळवीन.